बयाबाईची गाठ

पहिला घाणा काढून मसाला कालवायच्या मशीनचं झाकण उघडलं होतं. अकरा वाजले, शेजारचं मिरची कांडपाचं यंत्र धडधडायला लागलं आणि मशीन आपोआप फिरलं. जवळ कुणी नव्हतं. आतली पाती दोन वेढे घेऊन थांबली. कुंडलजवळच्या त्या कारखान्यातल्या साऱ्या बायांनी हात जोडले.

"आली," नानासो देवऋषी म्हणाला. "बयाबाई आली."

 बयाबाई दीपमालाची सासू. दसऱ्यानंतर आठव्या दिवशी याच मशीनच्या पिंपात तळ खरवडायला वाकली, पाती फिरली आणि ती गेली. तेव्हापासून ती रोज अकराला यायची. कारखान्याला सुट्टी असली की मात्र यायची नाही, पण भुताला सुट्टी कशाला लागते, हे नानासोला कुणी विचारलं नव्हतं.

"सुनंच्या हातच्या बांगड्या मागतीय ती," नानासो डोळे फिरवत म्हणाला. "पोरी, सोताच्या हातानं तळाला ठेव. मग बघ, कशी गप पडती."

दीपमालाने बांगड्या काढल्या आणि पिंपात हात घालून वाकली. आतून मिरचीचा वास आला, सासूच्या पदराला यायचा तसा. तिला भीती वाटत होती आणि सासूची आठवणही येत होती.

"वैनी, हात भायेर काढा."

मोटार बघायला आलेली वायरमन सुमैरा धावली. तिने आधी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. "मशीन बंद कशानं करता तुमी?"

"झाकाण उचललं की थांबतंय," दीपमाला म्हणाली.

"आन् बटण?"

बटणाला कुणी हातच लावत नसे. ते सदा चालूच.

सुमैराने झाकणाखालची बोटाएवढी कळ दाखवली. झाकण बसलं की ती दबते, मशीन चालतं. उचललं की सुटते, मशीन थांबतं. त्या कळीशेजारीच दसऱ्याच्या पूजेचा नारळ फडक्यात बांधून टांगला होता. सगळ्यांना मागे सारून तिने मेन चढवला आणि झाडूच्या दांड्याने नारळ ढोसला. पाती फिरली.

"कांडप सुरू झालं की हादऱ्यानं नारळ हलतोय, कळ दाबतोय. भूत न्हाई इथं."

"नारळात शिरली असंल," नानासो पुटपुटला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मेन पुन्हा खाली आला, तेव्हा दीपमाला जवळ गेली. नारळाच्या फडक्याची, लुगड्याच्या काठाने मारलेली दुहेरी गाठ तिच्या ओळखीची होती. मशीनला कुणाची नजर लागू नये म्हणून बयाबाईनेच ती बांधली होती. दीपमालाला रडू कोसळलं. भूत असतं तर निदान त्याच्यावर रागावता आलं असतं.

तिने नखांनी गाठ सोडवली. मग डोळे पुसून बायांकडे वळली.

"देवाला हात जोडा, न्हाईतर नगा जोडू. पर आधी बटण बंद करा, मेन खाली वडा, मगच हात आत घाला. माज्या सासूला येवढंच कुनी सांगितलं न्हवतं."