जोखमीचा रकाना

संजनाने रेकॉर्डिंग बारा सेकंद मागे घेतलं आणि कानातले इयरफोन बोटांनी आणखी आत दाबले. समुपदेशन केंद्राच्या मागच्या खोलीत सकाळचं कोणी आलेलं नव्हतं. खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीवाले कुणाचा तरी आखडलेला खांदा सोडवत होते आणि त्या माणसाचं कण्हणं जिन्यातून वर येत होतं.

“मशीन भाचीला देऊन टाकलं,” इयरफोनमधून लंकाबाईंचा आवाज आला. “तिला शिवणाचा लय नाद हाय. हंडा-कळशी जावेला दिली. तुळशीची कुंडी शेजारच्या अक्काबाईच्या ओट्यावर ठेवून आले. आता खोली कशी मोकळी झाली बघा.”

मग संजनाचा स्वतःचा आवाज, ठेवणीतला, मऊ.

“मोकळं मोकळं वाटतंय तुम्हाला.”

“हां ताई. लय हलकं वाटतंय. झोप बी लागती.”

“छान! ही केवढी मोठी प्रगती आहे, मावशी.”

‘छान’पर्यंत टाइप करून संजनाची बोटं थांबली होती, ती पुढे सरकेनात.

समुपदेशनाच्या एम. ए.चं तिचं दुसरं वर्ष होतं. पेपर, प्रबंध हे सगळं होतंच. पण खरी अट होती ती शंभर तासांची. शंभर तास खऱ्या माणसांसमोर बसायचं, प्रत्येक तासाची नोंद लॉगबुकात करायची, समोरच्याची लेखी परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करायचं, त्यातला काही भाग शब्दन्‌शब्द उतरवून मार्गदर्शक मॅडमपुढे ठेवायचा. मॅडमची सही झाली की तास धरला जाई. वर्गातली मुलं या उतरवण्याला निवडलेली भाजी पुन्हा निवडणं म्हणत. संजनाचे त्र्याऐंशी तास झाले होते. त्यातले सहा लंकाबाईंचे.

लंकाबाई मूळच्या देवळ्याकडच्या. नाशकात मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. दीड वर्षापूर्वी त्यांचा एकुलता एक रोहित मोटरसायकलच्या अपघातात गेला. नवरा गोरक्ष भावाकडे गावी निघून गेला, तो तिकडचाच झाला. झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी त्यांना केंद्रात पाठवलं होतं. पाच गुरुवार त्या नुसत्या खिडकीकडे बघत बसल्या. सहाव्या गुरुवारी हसल्या. त्या दिवशी संजना घरी तरंगतच गेली. नाव न सांगता तिने आईला एवढंच सांगितलं, की माझ्याकडे येणारी एक बाई बरी होतेय. आईने लगेच शेजारी जाहीर केलं, आमच्या पोरीच्या हाताला गुण आहे. जणू संजना मोडलेली हाडं बसवत होती.

आणि आता हे. महिनोन्‌महिने न झोपलेलं माणूस अचानक शांत होतं. आपल्या वस्तू वाटून टाकतं. परीक्षेत आत्महत्येच्या धोक्याच्या खुणांवरच्या प्रश्नात संजनाने हे दोन्ही मुद्दे लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. जिवंत बाई तेच तोंडाने सांगत समोर बसली, तेव्हा मात्र ती ‘छान’ म्हणाली होती.

तिने लॉगबुक ओढलं. प्रत्येक भेटीपुढे जोखमीचा एक रकाना होता. त्यात तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ‘जीव देण्याचे विचार: विचारले. नाहीत.’ सहाच्या सहा भेटींपुढे तेच.

तिने एकदाही विचारलं नव्हतं.

थेट विचारायचं, आडून विचारायचं नाही, विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, हे वर्गात घोकून घेतलं होतं. पण आईने लहानपणापासून दुसरंच शिकवलं होतं. मरणाची गोष्ट तोंडातून काढायची नाही, परीक्षेत नापास झाले तर, असंसुद्धा म्हणायचं नाही. पुत्रशोकात बुडालेल्या, आईच्या वयाच्या बाईला ‘तुम्हाला मरावंसं वाटतं का’ असं विचारायला तिची जीभ रेटली नव्हती. पुढच्या वेळी विचारू, असं म्हणत तिने रकाना तेवढा भरून टाकला. रिकामा ठेवला असता तर सही मिळाली नसती.

तिने लंकाबाईंना फोन लावला. आपण ज्या ग्राहकाशी संपर्क साधू इच्छिता तो सध्या बंद आहे. पुन्हा लावला. बंद. आज मंगळवार होता. गुरुवारपासून पाच दिवस झाले होते.

फॉर्मवर गोरक्षचा नंबर होता. पण नातेवाइकाला फोन करायचा तर मॅडमची परवानगी लागायची, आणि मॅडम पहिल्यांदा हाच रकाना बघणार. संजनाची पाचावर धारण बसली. उतारा फक्त वीस मिनिटांचा द्यायचा असतो, कुठला भाग घ्यायचा ते आपल्या हातात असतं, असाही एक विचार येऊन गेला. नुसता येऊन गेला नाही. तिने रेकॉर्डिंग पुढे सरकवून दुसरा भाग शोधूनही पाहिला. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही, हे तिला कळत होतं. तरी बोट पुढे सरकत राहिलं, आणि त्या बोटाची तिला लंकाबाईंच्या बंद फोनइतकीच भीती वाटली.

जिन्यात चपला वाजल्या. तृप्ती मॅडम आल्या, पर्स खुर्चीला अडकवली आणि संजनाच्या चेहऱ्याकडे बघून उभ्याच राहिल्या.

“काय झालं?”

“मॅडम, मी विचारलं नव्हतं.”

“काय विचारलं नव्हतं?”

संजनाने लॉगबुक फिरवून रकान्यावर बोट ठेवलं. मॅडमनी चष्मा लावला, वाचलं, पान उलटलं, पुन्हा वाचलं.

“एकदाही नाही?”

“नाही.”

“बाकीच्यांना?”

संजनाने नकारार्थी मान हलवली. मग इयरफोन पुढे केले. मॅडम उभ्याउभ्याच ऐकू लागल्या. मध्येच त्यांनी एक इयरफोन काढला.

“तुळस दिली?”

“हो. शेजारी.”

“संजना, बाई घर बदलते ना, तेव्हा बाकी सामान टेम्पोत टाकते आणि तुळस मांडीवर घेऊन बसते.”

संजनाच्या घरी बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांची तसबीर होती. दारात तुळस कधी नव्हतीच. मशीन आणि हंड्याच्या यादीत तिने ती कुंडीही ऐकून सोडून दिली होती.

मॅडमनी गोरक्षला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

“कांदा घेऊन आलोय मार्केटात,” गोरक्ष ओरडून बोलला. “लंका? हां, परवा रविवारी फोन आला व्हता तिचा. वरीस झालं, कधी फोन नाय का काय नाय. म्हनली, तब्येतीला जपा. का हो? काय झालंय?”

“तुम्ही आज नाशिकला येऊ शकाल का?” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “त्यांना तुमची गरज आहे. आम्ही आत्ता त्यांच्याकडेच निघतोय.”

जिना उतरताना त्यांनी मागे न बघता संजनाला सांगितलं, “असा रकाना भरलेल्या एकाही तासावर माझी सही राहणार नाही. सगळे पुन्हा करायचे. हे आत्ताच सांगते, म्हणजे तिथे गेल्यावर ते डोक्यात घोळायला नको.”

संजना फक्त हो म्हणाली. तासांचं तिला खरोखरच काही वाटत नव्हतं. बाई जिवंत असू देत, एवढंच ती मनात म्हणत होती, आणि कुणाला म्हणतेय ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

केंद्र गोविंदनगरला आणि लंकाबाईंची खोली इंदिरानगरच्या मागच्या अंगाला. मध्ये हायवेखालचा बोगदा. मॅडमची स्कूटर त्यात शिरली आणि अडकली. पुढे शाळेची बस, मागे पाण्याचा टँकर, दोन्हीकडून हॉर्न. मॅडमच्या खांद्यामागून संजना बसच्या लाल दिव्याकडे बघत राहिली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्या सात मिनिटांत तिने बंद दार पाहिलं, दारापुढची गर्दी पाहिली, पोलीस पाहिले, आणि एक हवालदार लॉगबुक उघडून मोठ्याने वाचतोय, हेही पाहिलं. विचारले. नाहीत.

चाळीत ओळीने खोल्या होत्या. लंकाबाईंची शेवटून दुसरी. शेवटच्या खोलीच्या ओट्यावर तुळशीची कुंडी होती आणि शेजारी एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. तीच अक्काबाई असणार.

“लंकाबाई आहेत का घरात?”

“काय की बाई. सकाळधरनं दार लावलेलंच हाय. कामावर बी गेली नाय.”

संजनाने दार वाजवलं. आतून काही नाही. पुन्हा वाजवलं. अक्काबाईचे हात लसणावर थांबले. संजनाने दोन्ही मुठींनी दार बडवलं. “मावशी! मावशी, मी संजना!”

आत भांडं सरकल्याचा आवाज झाला. मग कडी निघाली.

लंकाबाई दारात उभ्या होत्या. न्हालेले ओले केस, धुवट लुगडं. संजनाने चौकट धरली.

“ताई? तुम्ही इथं?” लंकाबाई गोंधळल्या. “गुरुवार तर परवा हाय.”

“तुमचा फोन बंद होता.”

“चार्जर बी भाचीला देऊन टाकला. या, आत या. बसायला मात्र काय नाय हां.”

खोली झाडून लख्ख केली होती. भिंतीशी गुंडाळलेलं एक अंथरूण, एक स्टो, फळीवर दोन पातेली आणि एक डबा. बाई जिवंत होती, बोलत होती, हसतसुद्धा होती. बरं वाटलं बघून, गुरुवारी या, एवढं म्हणून परत फिरता आलं असतं. संजनाने मॅडमकडे पाहिलं. मॅडम चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्या बोलणार नाहीत, हे संजनाला समजलं.



“मावशी, मला एक विचारायचंय. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.” आवाज ठेवणीतला नव्हता, फाटलेला होता. “जीव द्यायचा विचार येतो का तुमच्या मनात?”

लंकाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. त्यांनी पदर खांद्यावरून पुढे घेतला.

“येतो,” त्या म्हणाल्या.

बाहेर अक्काबाई खोकली. मॅडमनी दार अर्धं लोटून घेतलं.

“काही ठरवलंय?” संजनाने विचारलं.

“गुरुवारी. सांजच्याला.” उन्हाळी कामाचा दिवस सांगावा तसं त्यांनी सांगितलं. “मागल्या रविवारीच करायचं व्हतं. पन म्हटलं, तुमच्याकडं एकदा येऊन जावं. तुम्हीच सांगितलं व्हतं ना ताई, शिकाऊ हाय, तास भरायचे हायत म्हनून. म्हटलं, पोरीचा तेवढा तास कशाला बुडवा.”

क्लायंटसमोर स्वतःचं रडगाणं गायचं नाही, हा पहिल्या सत्रातला पहिला धडा होता.

“मावशी, माझे तास गेले,” ती म्हणाली.

“कुठं गेले?”

“रद्द झाले. आज सकाळी. तुम्हाला हे विचारलं नाही आणि विचारलं म्हणून लिहून ठेवलं. सहा वेळा. म्हणून सगळेच गेले.”

लंकाबाईंनी मॅडमकडे पाहिलं. “खरं का हो बाई?”

“खरं आहे,” मॅडम म्हणाल्या.

“एक बी नाय ठेवला?”

“एकही नाही.”

लंकाबाई भिंतीला धरून फरशीवर बसल्या. मग त्यांनी समोरची फरशी हाताने पुसली, पाहुण्यासाठी पुसावी तशी.

“मग आजचा तरी धरा,” त्या म्हणाल्या.

संजना समोर बसली. मॅडमनी पर्समधून फोन काढला आणि त्या हलक्या आवाजात डॉक्टरांशी बोलायला दारापाशी सरकल्या. त्या दोन प्रश्नांनंतरचा पुढचा प्रश्न संजनाला पाठ होता. तो आधीच्या दोन्हींहून अवघड होता.

“मावशी, त्यासाठी घरात काही आणून ठेवलंय?”

लंकाबाई उठल्या, फळीवरचा डबा काढला आणि झाकण न उघडता तसाच संजनाच्या हातात दिला.