सोमवारची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. पण मारायची नव्हे आणि टेकायचीही नव्हे. मी मोजायची काठी आहे. एका माणसाने दुसऱ्याला खांद्यावर बसवलं तर होईल तेवढी माझी उंची. एका सुताराने मला सागाच्या फळीतून कापलं, रंधा मारला, अंगावर बारीक रेघा कोरल्या आणि बुडाला पितळेची टोपी बसवली. लोखंडाची टोपी कुठे आपटली तर ठिणगी पडायची, म्हणून पितळ. माझ्या बालपणात याहून सांगण्यासारखं काही नाही.

तिथून मी रंगाच्या कारखान्यात आले. कारखान्याच्या आवारात जमिनीखाली थिनरची मोठी टाकी होती. ती सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे काका म्हणत. दर सोमवारी सकाळी काका कानामागचा खडू काढून माझ्या अंगाला चोळत, टाकीचं झाकण उघडत आणि मला सरळ तळापर्यंत सोडत. मला वर काढलं की जिथवर खडू ओला, तिथवर थिनर. काका चष्मा कपाळावर चढवून रेघ वाचत, नोंदवहीत आकडा लिहीत आणि मला फडक्याने पुसून भिंतीच्या दोन खुंट्यांवर आडवी ठेवत. पहिल्यांदा टाकीत उतरले तेव्हा अंग चुरचुरलं होतं. पुढे तेही थांबलं.

मालकांनी कारखान्याचा प्रदूषणाचा विमा काढला होता. आपल्याकडून काही झिरपलं आणि शेजाऱ्याची जमीन किंवा पाणी बिघडलं, तर ते साफ करण्याचा खर्च विमा कंपनीने द्यायचा. तिची अट मात्र पक्की होती: दर सोमवारी टाकी काठीने मोजायची आणि लिहून ठेवायची, म्हणजे गळती लागली तर लवकर कळेल. मालक हसून म्हणाले होते, "काका, या विम्याचा सगळा डोलारा तुमच्या काठीवर आहे बरं का." त्या दिवशी काकांनी मला दोनदा पुसलं.

शेजारी म्हणजे कोण, तर काकांची थोरली बहीण. कारखान्याच्या भिंतीला लागूनच ताईंची रोपवाटिका होती आणि रोपवाटिकेत विहीर. त्या विहिरीच्या पाण्यावर हजारो रोपं वाढत आणि ताईंचं घर चाले. दुपारी काका डबा घेऊन तिकडे जात, तेच पाणी पीत आणि परत येताना ताईंची बोलणी खाऊन येत.

माझा घात एका सोमवारी झाला. सकाळी एक टँकर नेमका टाकीच्या झाकणावर उभा होता आणि त्याचा चालक कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांनी वाट पाहिली. मग टाकीत किती आलं, किती पिंपं भरून बाहेर गेली याचा मनातल्या मनात हिशोब केला आणि आकडा लिहून टाकला. दुपारी टँकर हलल्यावर त्यांनी मला मुद्दाम बुडवून पाहिलं. आकडा रेघेला रेघ जुळला! काकांना काय आनंद झाला म्हणून सांगू. पुढच्या सोमवारी त्यांनी आधी आकडा लिहिला आणि मग मोजलं. त्याच्या पुढच्या सोमवारी नुसता लिहिला. वजनकाट्यावरच्या माणसाने विचारलं, "काका, आज मोजायचं नाही?" तर म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? ही टाकी मला तोंडपाठ आहे."

काका कामचुकार नव्हते, मित्रांनो. त्यांचा हिशोब खरोखरच बिनचूक होता. पुढे कधीतरी टाकीला तळाशी बारीक भोक पडलं, ते मात्र हिशोबात नव्हतं.

मी खुंट्यांवर पडून राहिले. धूळ बसली. एका कुंभारीण माशीने माझ्या अंगावर मातीचं घर बांधलं, मग त्याला लागून दुसरं. सोमवार येत आणि जात. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. इतकं थिनर प्यालेल्या लाकडात वाटून घ्यायला काही उरत नाही.

काकांच्या नाकाचंही तसंच झालं होतं. एकदा ताईंनी भिंतीजवळ त्यांना तांब्या दिला.

"पाण्याला वास येतोय का रे?"

काकांनी घोटभर प्यायलं. "नाही गं ताई. तुला भास होतोय."

"नीट बघ."

काकांनी तांब्या रिकामा केला. "काही नाही. गोड आहे पाणी."

धाकटा भाऊ टाकीवर कामाला. त्याला कळणार नाही तर कुणाला, असं ताईंना वाटलं. त्यांनी तेच पाणी रोपांना घातलं. आधी पानांच्या कडा काळ्या पडल्या, मग रांगाच्या रांगा माना टाकून बसल्या. पाणी तपासायला दिलं तेव्हा त्यात थिनर निघालं.

मालक स्वतः ताईंकडे गेले. म्हणाले, "ताई, काळजी करू नका. विमा आहे. विहीर उपसून, माती काढून सगळं पहिल्यासारखं करून देऊ." ताईंनी मेलेली रोपं उपटून जागा मोकळी करून ठेवली.

विमा कंपनीकडून एक बाई आल्या. त्यांनी नोंदवही पहिल्या पानापासून चाळली.

"हाताने मोजलं की आकडा हिशोबापेक्षा कधी रेघभर वर येतो, कधी खाली," त्या म्हणाल्या. "तुमचा वर्षभरात एकदाही चुकलेला नाही. काठी कुठे आहे?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाई माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी मातीची घरं मोजली. अकरा होती. मला पुढे काहीच सांगावं लागलं नाही.

"आता मोजा," त्या म्हणाल्या.

काकांनी माती खरवडली, खडू चोळला, मला टाकीत सोडलं आणि वर काढलं. वहीतल्या आकड्यापेक्षा खडू चांगला वीतभर खाली ओला होता. काका ती वीत बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा माझ्यासारखाच झाला होता.

विमा कंपनीने दावा नाकारला. टाकी बंद झाली आणि काकांचं काम गेलं. मालकांनी पदरचं जमेल तेवढं ताईंना दिलं. त्या पैशांतली साफसफाई विहिरीच्या तळापर्यंत पोचली नाही. काका निघताना मला मालकांकडून मागून घेऊन आले. आता मी ताईंच्या विहिरीजवळ असते. ताई नळाच्या पाण्यावर मोजकी रोपं वाढवतात.

मित्रांनो, मी उपदेश करणारी कोण? एकच मागणं आहे. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असं ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशीही काठी बुडवा.

दर सोमवारी सकाळी काका मला विहिरीत सोडतात. वर काढलं की माझं ओलं टोक ताईंच्या नाकाशी धरतात. ताई वास घेतात.

"आहे अजून," त्या म्हणतात.

काका नव्या वहीत लिहितात: आहे.