किती माणसं बसणार ते आधी सांगा!

थांबा, लाथ मारू नका! मी टायर बोलतोय. डावीकडचा, मागचा. गाडीपाशी आलेला प्रत्येक पुरुष आधी मला बुटाने ठोकरतो, मान हलवतो आणि म्हणतो, "ठीक आहे हवा." अहो, पोटावर लाथ मारून माणूस जेवलाय की उपाशी हे कधी कोणाला कळलंय का?

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. काळोख, उकाडा आणि भयंकर वास, एवढंच. खरं आयुष्य सुरू झालं ते १९९१ साली, भाईंदर पश्चिमेच्या एका सोसायटीत, शशिकांतरावांच्या जुन्या फियाटखाली. दादरहून इथे राहायला आलेला, विमा कचेरीत नोकरी करणारा सरळ माणूस. बिल्डिंगमधली ही पहिलीच गाडी. त्यामुळे गाडी त्यांची आणि सल्ले सगळ्यांचे.

दसऱ्याला मला हळदकुंकू, झेंडूचा हार आणि पुढ्यात लिंबू मिळायचं. मानपान भरपूर, पण हवा मात्र अंदाजपंचे दाहोदरसे! सगळ्यात मोठे सल्लागार तळमजल्यावरचे विपुलभाई. त्यांच्याकडे गाडी नव्हती, म्हणून त्यांना गाडीतलं सगळं कळत होतं.

शशिकांतरावांची थोरली बहीण मंदाताई त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायची. तिच्या मुलीचं, उर्मिलाचं लग्न ठरलं, ठाण्याच्या एका हॉलमध्ये. रुखवतासाठी ताईने साखरेचा बंगला केला. खिडक्या, जिना, अंगणात वृंदावन आणि वृंदावनात हिरव्या बडीशेपेची तुळस. ताईच्या स्वतःच्या लग्नात तिच्या आईने केलेलं साखरेचं देऊळ टेम्पोत फुटलं होतं. सासरच्या बायकांनी "चहात घालायला बरं" म्हणून हसून घेतलं होतं. ते ती इतक्या वर्षांत विसरली नव्हती. लेकीला तसं ऐकावं लागू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

लग्नाच्या सकाळी नवरी आणि बाकीची मंडळी बसने पुढे गेली. बंगला बसमध्ये नको, म्हणून ताई आमच्या गाडीने निघाली.

"शशी, धक्का लागता कामा नये हं," ती म्हणाली.

विपुलभाई तयारच होते. "शशीभाई, हवा निकालो थोडी. गाडी एकदम गादी जैसी चलेगी!"

शशिकांतरावांनी माचिसची काडी घेऊन माझा वॉल्व्ह दाबला. फुस्स! एकेक करून आम्हा चौघांची हवा काढली. मग आमच्यावर माणसं चढली. पुढे शशिकांतरावांशेजारी भारदस्त विपुलभाई, मागे शशिकांतरावांची बायको सुचेतावहिनी, आणि बरोबर माझ्या डोक्यावर मंदाताई. तिच्या मांडीवर फळी, फळीवर बंगला. डिकीत लाडवांचे डबे आणि पितळेची भांडी.

हवा कमी आणि ओझं जास्त, म्हणजे आधीच उल्हास त्यात फाल्गुनमास. माझ्या दोन्ही कुशी चेपल्या. काशिमिऱ्यापर्यंत मी चांगलाच तापलो, आणि घोडबंदरच्या रस्त्याला लागल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली. गादी कसली! प्रत्येक खड्ड्यात चाकाचं लोखंड दगडाला भिडत होतं. वर बंगल्याचा जिना थरथरत होता. मला फार भीती वाटली. मी फुटलो असतो तर गाडी आपटली असती आणि ताईच्या मांडीवर साखरेचा चुरा झाला असता. माझ्या जिवापेक्षा मला त्या बडीशेपेच्या तुळशीची काळजी लागली होती.

"शशी, रबर जळल्याचा वास येतोय. थांबव."

"अरे ताई, वो तो फॅक्टरी का वास है," विपुलभाई म्हणाले.

"थांबव म्हणते ना!"

शशिकांतरावांनी उतरून मला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"हवा कोणी काढली?" ताईने विचारलं.

"तुझ्या बंगल्यासाठीच गं ताई. धक्के लागू नयेत म्हणून."

"अरे, धक्के नकोत तर गाडी हळू चालव! पाहुणे वाढले तर भात वाढवायचा की कमी करायचा?"

आम्हाला गार होऊ दिलं, मग डिकीतून पायपंप निघाला. ताई म्हणाली, "विपुलभाई, सल्ला तुमचा होता ना? मग मारा पंप!"

विपुलभाई घामाघूम झाले. वहिनी हवा मोजायचं पेनासारखं गेज लावून बघत होत्या आणि "अजून, अजून" म्हणत होत्या. दोघांपुरती असते त्याहून जास्त हवा आम्हा मागच्यांना भरली, तेव्हा कुठे माझी पाठ ताठ झाली. तोवर ताई शालू नेसून, बंगला हातात धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने तो कोणाच्याही हातात दिला नाही.

पुढचा रस्ता आम्ही बैलगाडीच्या चालीने कापला. हॉलवर पोचलो तेव्हा अक्षता वाटायच्या होत्या. विहीणबाई बंगल्याभोवती फिरून म्हणाल्या, "घोडबंदरच्या रस्त्यावरून आणलात? आणि फुटला कसा नाही हो?"

"आमच्या गाडीत हवा बरोबर असते," ताई ताठ मानेने म्हणाली.

थोड्या वेळाने ती एकटीच बाहेर आली. पदराने डोळे टिपले, वाकली आणि मला कुंकू लावलं. त्या दिवशी दसरा नव्हता.

पुढे गाडी कधीही निघाली की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक यायची, "शशी, किती माणसं बसणार ते आधी सांग!" आणि सकाळी, टायर गार असताना, गेज लागायचं.

नंतर मी गुळगुळीत झालो. गाडीला नवे टायर आले, पण ताईने मला भंगारात जाऊ दिलं नाही. आता मी कंपाउंडमध्ये बदामाच्या झाडाखाली आडवा असतो, वर एक फळी. संध्याकाळी ताई माझ्यावर बसून वाल सोलते आणि नातीला बंगल्याची गोष्ट सांगते. तुम्ही मात्र तुमच्या गाडीतल्या माझ्या भावंडांना लाथ मारू नका. आधी माणसं मोजा, मग हवा.

माझ्यात आता हवेचा थेंबही नाही. पण ताई बसली की मी जराही चेपत नाही. तिचं वजन माझ्या ओळखीचं आहे.