नेमाला हातभार

प्यो ग्वांगिलला चव्वेचाळिसाव्या वर्षी रक्तदाब होता, सुटलेलं पोट होतं आणि कन्सोलबद्दल मतं होती. रक्तदाबावर डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, पोटासाठी चालायला सांगितलं होतं. मतांवर औषध नव्हतं, आणि असतं तरी ते सेकंदाला किती फ्रेम देतं हे त्याने आधी मोजून बघितलं असतं.

दर शनिवारी दुपारी दोनला तो बुप्योंगच्या तळघरातल्या पीसी बांगमध्ये, म्हणजे तासावर कॉम्प्युटर गेम खेळायच्या अड्ड्यात, एकेचाळीस नंबरच्या खुर्चीत बसे. बेचाळीसवर ब्योंगचान, त्रेचाळीसवर दोकसू. तिघं एकाच शाळेतले, आणि शाळा बुडवून इथे बसायचे तेव्हापासून बसण्याचा क्रम हाच. घरी ग्वांगिलचा स्वतःचा कॉम्प्युटर होता, त्यातल्या एका ग्राफिक्स कार्डाच्या पैशात जुनी गाडी आली असती. पण घरी मतं ऐकणार कोण? बायको उठून जायची. पीसी बांगमध्ये लोक तासाचे पैसे भरून बसलेले असत, त्यांना उठून जाणं जिवावर यायचं.

"कन्सोल म्हणजे काय?" रामेन नूडल्सवरचं अंडं फोडत तो विचारे, आणि कुणी विचार करायच्या आत उत्तरही देई. "तीन वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर, गोंडस डब्यात घालून टीव्हीखाली ठेवलेला. साठ फ्रेमचं वचन देतो आणि एक बॉम्ब फुटला की चाळीसवर येतो. निवडून आलेला पुढारी बरा! आणि अंगठ्याने नेम धरायचा? अरे, अंगठा लिफ्टचं बटण दाबायला असतो."

"झालं सुरू," दोकसू म्हणे.

"आणि वर ती लाज. नेमाला हातभार! समोर माणूस आला की बंदूक आपली आपणच त्याच्याकडे सरकते. चमच्याने भरवतात रे यांना!"

ग्राफिक्सवर तर त्याचा खास अभ्यास. डबक्यातल्या पाण्यात दुकानाची पाटी उलटी नीट उमटते की नाही, यावर त्याने इंटरनेटवर एकोणीस परिच्छेद लिहिले होते. प्रत्यक्ष खेळायला बसला की मात्र पहिलं काम म्हणजे सगळं ग्राफिक्स तळाला न्यायचं. सावल्या बंद, डबकी बंद, गवत बंद. गवत नसलं की गवतात दडलेला उघडा पडतो ना. म्हणजे गाडीच्या पैशाचं कार्ड घेऊन हा गृहस्थ बोडक्या माळावर चौकोनी माणसं मारत बसे. हे त्याला कुणी दाखवून दिलं की तो म्हणे, "तुला शूटर गेममधलं काय कळतं?"

मागच्या शरदात ब्योंगचानचा नेम थरथरायला लागला.

ब्योंगचान साधासुधा खेळाडू नव्हता. लांब पल्ल्याची बंदूक तिघांत त्याच्याकडेच असायची. एरवी भुयारी बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू तो डोळे मिटून बसवायचा. आता त्याच्या पडद्यावरचा नेमाचा काटा एका जागी ठरेना.

ग्वांगिलने लगेच निदान केलं. माउसचा सेन्सर गेलाय. तो बदलला. मग म्हणाला, खालची चटई खरखरीत आहे. तीही बदलली. मग वायर, मग पडदा, मग मनगटाखालची उशी. वाढदिवसाला त्याने ब्योंगचानला पन्नास ग्रॅमचा नवा माउस दिला आणि सोबत अकरा कलमांचं पत्र. त्यात माउसचं वजन, उंची, बटणांचा आवाज, सगळं होतं. हात कसा आहे, हे अकरांपैकी एकाही कलमात विचारलेलं नव्हतं.

याच सुमारास ब्योंगचानने दुरुस्तीला माणूस ठेवला आणि स्वतः गल्ल्यावर बसून मोबाइलची कव्हरं विकायला लागला. "शेठ झालास की लेका!" म्हणून ग्वांगिलने त्याच्या पाठीत थाप मारली होती.

मग ब्योंगचान यायचा बंद झाला. चार शनिवार ग्वांगिलने बेचाळीस नंबरचं घड्याळ स्वतःच्या खात्यावर चालू करून खुर्ची अडवून ठेवली. पाचव्या शनिवारी दोकसूने चाचरत बातमी दिली, "त्याने कन्सोल घेतलाय म्हणे."

ग्वांगिलने चॉपस्टिक खाली ठेवल्या. त्या दिवशी तिघांच्या ग्रुपवर त्याने तासभर लिहिलं. सोफ्याला गादी बसव म्हणाला. लोकरीचे मोजे घे म्हणाला. शेवटी लिहिलं, "मशीनने नेम धरायचा आणि तू बोट दाबायचं, याला खेळणं म्हणत असतील तर माझी आजीसुद्धा सैन्यात जाईल. माणसाला थोडी तरी लाज हवी."

निरोपापुढचे न वाचल्याचे आकडे गेले, म्हणजे दोघांनीही वाचलं होतं. उत्तर आलं नाही. संध्याकाळी पडद्यावर एक करडी ओळ उमटली: ब्योंगचान ग्रुपमधून बाहेर पडला.

सत्तावीस वर्षांत ब्योंगचान ग्वांगिलवर कधी रागावला नव्हता. ब्योंगचानच्या लग्नातल्या भाषणात ग्वांगिलने बंदुकांचे आकडे सांगितले होते, तेव्हाही नाही. शेजारची खुर्ची कायमची गेली तर एकेचाळीसवर बसून करायचं काय, हे त्याला कळेना. पण माफी मागायची त्याला सवय नव्हती. रविवारी दुपारी तो बिअरच्या दोन बाटल्या, सुकवलेला स्क्विड आणि आणखी एक माउस घेऊन ब्योंगचानच्या दारात उभा राहिला.

दार त्याची बायको मिसूक हिने उघडलं. "या भावजी," ती म्हणाली, पण हसली नाही.

ब्योंगचान सोफ्यावर होता. पायात मोजे होते, आणि लोकरीचेच. टीव्हीखाली तो गोंडस डबा.

"वहिनी, घरात हे काय आणून ठेवलंय?" ग्वांगिलने सुरुवात केली. "मी याच्यासाठी खास..."

"बस आधी," ब्योंगचान म्हणाला. त्याने बाटली उघडली आणि ग्वांगिलच्या ग्लासात बिअर ओतली. दोन्ही हातांनी. असं वडीलधाऱ्यांना ओततात, ऑफिसात साहेबाला ओततात. बरोबरीच्या मित्राला दोन्ही हातांनी ओतणं म्हणजे सरळ सरळ टोमणा.

ग्वांगिलला तो झोंबला. "वा! दोन्ही हात? मी काय तुझा साहेब आहे? एवढा परका झालो?"

मिसूक स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती.

"एका हाताने दाखव त्यांना," ती म्हणाली. "एकदाच दाखव आणि मोकळा हो."

ब्योंगचानने डावा हात काढून घेतला. उजव्या हातातली बाटली थडथडायला लागली, ग्लासाच्या काठावर किणकिणली, बिअर टेबलावर सांडली, तिथून ग्वांगिलच्या गुडघ्यावर. ग्वांगिलने गुडघा हलवला नाही.

"शरदापासून आहे," ब्योंगचान म्हणाला. "नसांचं आहे. गोळ्यांनी थोडं थांबतं, जाणार नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुठे सांगू? तू वायर बघत होतास."

ग्वांगिलने सोबत आणलेला माउस हळूच पिशवीत परत ढकलला. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की वर बघवेना.

"माउस एका हाताने धरावा लागतो," ब्योंगचान म्हणाला. "हा कंट्रोलर दोन्ही हातांनी मांडीवर धरता येतो, टेकवता येतो. थोडा नेम हे मशीन धरतं. उरलेला अजून माझा आहे."

ग्वांगिलने बसल्या आवाजात विचारलं, "दुसरा कंट्रोलर आहे?"

होता. पाकिटातून काढलेलाच नव्हता. मिसूकने ड्रॉवरमधून आणून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमच्यासाठीच घेतला होता याने. मग तुमचा तो निरोप आला."

बंदुकांच्या खेळावर सत्तावीस वर्षं मतं देणारा माणूस पहिली पाच मिनिटं नुसता आभाळ बघत होता. मग जमीन. मग एका भिंतीला नाक लावून उभा राहिला आणि तिला गोळ्या घातल्या.

"अंगठा लिफ्टचं बटण दाबायला असतो ना?" ब्योंगचान म्हणाला. "दाब की. कितव्या मजल्यावर चाललायस?"

"हातभार चालू आहे का याचा?"

"पूर्ण चालू आहे. तुला रुग्णवाहिका लागेल."

तेवढ्यात ग्वांगिल मेला. कुणी मारलं ते त्याला दिसलंच नाही. कमरेएवढं गवत वाऱ्यावर डुलत होतं, आणि गवत बंद करायची सोय त्या डब्यात नव्हती.

"हे असं दिसतं होय," तो म्हणाला.

"सत्तावीस वर्षं आहे ते तिथे," ब्योंगचान म्हणाला आणि लांबून, टेकडीवरून, एकाच गोळीत गवतातल्या माणसाला पाडलं. काटा शेवटच्या क्षणी जरा सरकला होता, पण वाऱ्याचा अंदाज मशीनने घेतलेला नव्हता. ग्वांगिलला तेवढं कळत होतं. ब्योंगचान हसला, तसा तो शरदापासून हसला नव्हता.

त्याचा ग्लास रिकामा होता. ग्वांगिलने बाटली उचलली, दुसरा हात खाली लावला आणि मान थोडी झुकवून दोन्ही हातांनी बिअर ओतली. त्याचे हात ठणठणीत होते, तरी थोडी सांडली.

"मी काय तुझा साहेब आहे?" ब्योंगचान म्हणाला.

"गप पी," ग्वांगिल म्हणाला. "आणि ग्रुपमध्ये परत ये. एकट्या दोकसूला मतं ऐकवून मला कंटाळा आलाय."