हिरवा अहवाल

बालुगोच्या नगरपालिकेने रोझविक अबायोनला कामावर घेतलं, तेव्हा तिथल्या वेबसाइटची पार रया गेली होती. आधीच्या माणसाने सगळी पानं नव्या जागी हलवली आणि जुन्या लिंका तशाच लोंबकळत ठेवून तो मनिलाला निघून गेला. दवाखान्याच्या वेळा बघायला जावं, तर 'पान सापडत नाही'. पाणीपुरवठ्यावर बोट ठेवावं, तरी तेच. लोक फोन करून शिव्या घालायचे, आणि फोन नेमका रोझविकच्या टेबलावर.

एकेक लिंक हाताने दाबून बघण्यात तिचे दिवसच्या दिवस जायला लागले. मग तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रोज सकाळी ती ऑफिसात पोहोचायच्या आत तो वेबसाइटवरची प्रत्येक लिंक उघडून बघायचा. उघडली तर हिरवी खूण, नाही तर लाल. अहवाल तिच्या आणि साहेबांच्या मेलवर. पहिल्या दिवशीचा अहवाल नुसता लालेलाल होता.

"काय गं हे? गोवर आलाय का आपल्या वेबसाइटला?" सर नेस्तोर म्हणाले. नगरपालिकेचा सगळा कारभार त्यांच्या हाताखालून जायचा.

रोझविकने चिकाटीने लाल खुणा घालवत आणल्या. उरल्या त्या एकाच विषयाच्या: वादळात कुठल्या वस्तीने कुठे आसरा घ्यायचा. त्याची यादी आपत्ती कक्षातल्या दिंदोकडे होती.

"मानो, देऊन टाका ना एकदाची," ती त्याला म्हणाली. मानो म्हणजे तिकडे थोरल्या भावासारखा.

"जुनी यादी देऊन काय करू? भूकंपात शाळांना तडे गेलेत. इंजिनिअर तपासतोय. त्याचं झालं की नवी देतो. तोवर असू दे लाल. निदान लक्षात तरी राहील."

पण तेवढ्यात प्रांताची तपासणी लागली. उत्तम वेबसाइटचा बिल्ला मिळणार होता, आणि सर नेस्तोरना तो हवाच होता.

"ह्या लाल लिंका मुखपृष्ठावर वळव," ते म्हणाले. "दाबलं की मुखपृष्ठ उघडेल. संपलं."

"सर, पण ते दुरुस्त केल्यासारखं नाही होत. माणूस आसरा शोधत येणार आणि—"

"आणि काहीतरी उघडेल की! 'सापडत नाही' वाचण्यापेक्षा बरं. तपासणी झाली की काढून टाक. मी कुठे नाही म्हणतोय?"

रोझविकने वळवलं. चार ओळींचं काम. दुसऱ्या दिवशी अहवाल हिरवागार आला. बिल्ला मिळाला, मेजवानीला अख्खं डुक्कर भाजलं गेलं, महापौरांनी तिच्याशी हात मिळवला. त्या चार ओळी काढायच्या आहेत हे काही दिवस तिच्या डोक्यात होतं. पण अहवालात बोचणारं काहीच नव्हतं, आणि नवी कामं येतच होती. हळूहळू ते मागे पडलं.

नोव्हेंबरात वादळ बालुगोच्या रोखाने वळलं. सकाळीच नगरपालिकेने सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज पाठवला: आपलं आसऱ्याचं ठिकाण बघण्यासाठी इथे दाबा. मेसेज गेल्या वर्षीचाच होता, फक्त तारीख बदललेली.

थोड्या वेळाने रोझविकला तिच्या मावशीचा फोन आला. तिया पासिंग समुद्राकाठी राहायची. आई गेल्यावर तिनेच रोझविकला वाढवलं होतं.

"अगं पोरी, मी दाबतेय तर महापौर दात काढून हसतोय! जत्रेतला फोटो. आम्ही जायचं कुठे, त्याच्या घरी?"

रोझविकने सकाळचा अहवाल उघडला. सगळं हिरवं. ती धावत दिंदोकडे गेली.

"नवी यादी? ती तर कधीच दिली मी सर नेस्तोरकडे," दिंदो म्हणाला. "मला वाटलं तू लावली असशील. लाल राहिलं असतं तर तूच माझ्या मानगुटीवर बसली असतीस ना!"

मावशीच्या वस्तीसाठी नव्या यादीत टेकडीवरचं चर्चचं सभागृह होतं. शाळेच्या नावापुढे लिहिलं होतं: धोकादायक, वापरू नये.

रोझविकने तिथूनच फोन लावला. "तिया, शाळेत जाऊ नका. सभागृहात जा."

"अगं, पण निम्मी वस्ती शाळेत जाऊन बसलीये! दर वेळी तिथेच तर जातो आपण." मग फोनपासून लांब तिचा आवाज: "आंबो, ऐकलंत का? शाळा पडायला झालीये म्हणते पोरगी!"

मावशीचे यजमान तियो आंबो तीनचाकी चालवायचे. "मी आणतो सगळ्यांना," असं ते म्हणाल्याचं तिला ऐकू आलं. मग फोन तुटला तो तुटलाच.

तिने लिंका नीट केल्या, पण तोवर किनाऱ्यावरचे मोबाइलचे टॉवर गेले होते.

तियो आंबोंनी पावसावाऱ्यात फेऱ्या मारून शाळेतली माणसं सभागृहात पोहोचवली. शेवटच्या फेरीला शाळेची मागची भिंत कोसळली. आत राहिलेली म्हातारी ओसांग जागच्या जागी गेली. तिला उचलायला वाकलेल्या तियोंचे दोन्ही पाय भिंतीखाली चिरडले.

पाणी ओसरल्यावर महापौरांनी बैठक घेतली. सर नेस्तोरनी त्या सकाळचा अहवाल छापूनच आणला होता. "एकही लिंक तुटलेली नव्हती. यंत्रणा चोख होती. लोकांनाच मोबाइल वापरता येत नाहीत, त्याला आपण काय करणार?"

"अहवाल तुझाच ना?" महापौरांनी विचारलं.

"माझाच," रोझविक म्हणाली. "हिरवा आला, कारण आम्ही तो हिरवा येईल असं करून ठेवलं होतं. सरांनी सांगितलं आणि मी केलं. दाबल्यावर काहीतरी उघडतं एवढंच तो बघतो. हवं ते उघडलं का, हे तो बघत नाही. ते मला माहीत होतं."

दिंदो मान खाली घालून बसला होता. "हे मिनिट्समध्ये नको," महापौर म्हणाले आणि त्यांनी पुढचा विषय घेतला. आठवडाभरात रोझविकची बदली जन्ममृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर झाली. ओसांगचा दाखला तिलाच टाइप करावा लागला.

रविवारी ती मावशीकडे गेली. तियो आंबो खाटेवर होते, पाय गुडघ्यापासून कापलेले. तिने त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे लिंक नीट असती तर तुझ्या फोनआधीच लोकांना कळलं असतं?" त्यांनी विचारलं.

"हो, तियो. सकाळीच."

"मग ओसांग चालत गेली असती गं सभागृहात. तिला चालता येत होतं."

तिया पासिंग दारातच उभी होती. ती स्वयंपाकघरात गेली. नेहमी ती रोझविकला जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. आज आतून भांड्यांचा आवाज आला, भाताचा वास आला, पण हाक काही आली नाही. रोझविक खाटेच्या कडेला तशीच बसून राहिली.