पाव टाकी

आबांची जीप बघायला हॉटेलवाला आला, पण त्यानं बॉनेट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. चारी बाजूंनी फोटो काढले, मडगार्डवर थाप मारली आणि म्हणाला, "इंजिन तुमचं तुमी काढून घ्या. मला नुसती बॉडी पायजे. हॉटेलच्या दारात बागेत ठिवणार, वर कुंड्या लावणार. पब्लिक फोटो काढतंय बघा."

कुंड्या म्हटल्यावर आबांच्या लेकीच्या, संघप्रियाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"पावणं," ती म्हणाली, "चा झाला आसंल तर निघा. गाडी इकायची न्हाय."

"पण प्रसेनजीत फोनवर म्हणला..."

"गाडी प्रसेनजीतच्या बापाची हाय. प्रसेनजीतची न्हाय."

तिचा धाकटा भाऊ प्रसेनजीत दारात मान खाली घालून उभा होता. त्याच्या मनात पाप नव्हतं. दारातली जीप बघून बाप रोज झुरतो, ती नजरेआड झाली तर बरं, एवढाच त्याचा हिशेब. आणि आबा? आबा कट्ट्यावर बसून समोरच्या भिंतीकडं बघत होते. वर्षापूर्वी असा माणूस दारात आला असता तर आबांनी त्याला बोलून बोलून पार रस्त्याला लावलं असतं. आता ते भिंतीवरची नजरसुद्धा काढेनात. संघप्रियाला हॉटेलवाल्यापेक्षा त्याचाच जास्त राग आला.

तसा प्रत्येकाला आपल्या गाडीचा अभिमान असतो. पण या जीपची गोष्ट वेगळी होती. आबा वारणानगरला कारखान्याच्या वाहन विभागात हेल्पर होते, तेव्हा त्यांनी ती लिलावातून भंगार म्हणून उचलली. तिचं पेट्रोल इंजिन पार संपलेलं. आबांनी एका अपघातातल्या गाडीचं डिझेल इंजिन मिळवलं आणि घरच्या अंगणात, लिंबाच्या फांदीला साखळी टांगून, स्वतःच्या हातानं या जीपमध्ये बसवलं. शेजारच्या गावचा एक गॅरेजवाला बघून गेला आणि चारचौघांत म्हणाला, "इंजिन बदलणं हेल्परचं काम न्हवं." त्याच वर्षी जयंतीला आबांनी बाबासाहेबांचा फोटो जीपवर ठेवला आणि वेशीचा चढ चढून मिरवणूक पेठेत नेली. त्याआधी ती वस्तीतून निघायची आणि वस्तीतच संपायची. तेव्हापासून दर वर्षी जीप पुढं आणि वस्ती मागं, हे ठरून गेलं.

गेल्या वर्षी मात्र वेशीच्या वळणावर, ऐन चढावर, जीप दोनदा खोकली आणि बंद पडली. स्टार्टर मारून मारून बॅटरी झोपली. वरच्या माडीच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "ढकला आता. दुसरं काय येतंय तुमाला." वर हशा पिकला. पोरांनी बाबासाहेबांच्या फोटोसकट जीप ढकलत विहारापर्यंत नेली. आबा स्टिअरिंग धरून बसले होते आणि त्यांची मान जी खाली गेली ती वर्षभर वर आली नाही. तेव्हापासून ते त्या गाडीत बसले नव्हते.

जयंती तोंडावर आली तशी विहारात मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष होता आदर्श. पोरगा सरळ होता, तोंडावर बोलायचा.

"आक्का, ट्रॅक्टर ठरलाय," तो म्हणाला. "आबांचा मान हायच. पर बाबासाहेबांचा फोटो आनी एकदा ढकलत न्यायचा व्हय? तूच सांग."

संघप्रिया उठून उभी राहिली. "जीपच पुढं जाईल," ती म्हणाली. "चालवणार मी. ट्रॅक्टर मागनं ठेवा, दोर घेऊन. गाडी बंद पडली तर दुसऱ्या दिवशी मीच ती हॉटेलवाल्याच्या दारात नेऊन सोडणार. कुंड्यांसकट."

बैठकीत हसू उसळलं. आदर्श हसला नाही. "शब्द हाय?" त्यानं विचारलं.

"हाय."

शब्द देऊन बसली खरी, पण गाडी का बंद पडते हे तिला कुठं ठाऊक होतं? ती शाहूपुरीत ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात काउंटरवर असायची. दिवसभर मिस्त्री लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि खोक्यातून पार्ट काढून द्यायचे. दुसऱ्या दिवशी तिनं येईल त्या मिस्त्रीला विचारलं. कुणी पंप बदल म्हणालं, कुणी इंजिनच उतरव म्हणालं. एक म्हातारा मिस्त्री तेवढा म्हणाला, "आधी टाकी सोडून दे. कॅनातनं डिझेल पाज आन् बघ."

रविवारी तिनं पाच लिटरचा कॅन बॉनेटवर बांधला, त्याच्यातून नळी थेट पंपाला जोडली आणि गाडी वेशीच्या चढावर घातली. पारावर बसलेल्यांना आयतीच करमणूक झाली. "आबाच्या गाडीला सलाईन लावलंय की," कुणीतरी म्हणालं. संघप्रियानं तिकडं बघितलंही नाही. गाडी चढ चढली. वळणावर उभी राहिली, तासभर तशीच धडधडत राहिली, पुन्हा उतरली, पुन्हा चढली. एकदाही खोकली नाही. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं, पंपही ठणठणीत होता. खोट होती ती टाकीत, नाहीतर टाकीपासून पंपापर्यंतच्या रस्त्यात. तिला एवढा आनंद झाला की चढावरच तिनं जोरात हॉर्न वाजवला.

मग तिनं पाइप परत टाकीला जोडला आणि मधे हातभर पारदर्शक नळी घातली, आत काय वाहतंय ते दिसावं म्हणून. डिझेलचा काटा पाव टाकीवर होता. सपाटीला नळीतून नितळ डिझेल जात होतं. चढावर नाक वर झालं आणि नळीत एक बुडबुडा आला. मग चार आले. मग सगळा फेसच. गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली, अगदी गेल्या वर्षीसारखी. गाडीनं एअर धरली होती. डिझेलच्या गाडीनं एकदा हवा ओढली की मग कितीही स्टार्टर मारा, ती हवा बाहेर काढल्याशिवाय चालू होत नाही.

ती हवा काढून गाडी घरी घेऊन आली. आबा कट्ट्यावरच होते. ती काही बोलायच्या आत, भिंतीवरची नजर न काढता ते म्हणाले, "बुडबुडं आलं आसतील."

संघप्रिया जागीच थांबली. "तुमाला कसं कळलं?"

"पयल्या वर्षापास्नं म्हाईत हाय," आबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. पेट्रोलचं इंजिन लागेल तेवढंच ओढतं. डिझेलचा पंप जास्त ओढतो आणि उरलेलं टाकीत परत धाडतो, म्हणून त्याला परतीची दुसरी नळी लागते. या टाकीत जागा एकाच नळीची. आबांनी दुसरी नळी त्याच भोकातून घुसवली, ती आखूड पडली. टाकी कमी असली की परतीचं डिझेल वरून धार धरून पडतं आणि फेस करतं. त्यात ओढायची नळी टाकीच्या पुढच्या बाजूला. चढावर डिझेल मागं सरकतं आणि पुढं राहतो तो फेस. टाकी भरलेली असली की यातलं काहीच होत नाही.

आता संघप्रियाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्ध्या टाकीनं आबा कधी गाडी बाहेर काढत नसत. जयंतीच्या आदल्या दिवशी तर गळ्यापर्यंत भरायचे आणि म्हणायचे, बाबासाहेबांची गाडी अर्ध्या पोटी निघणार न्हाय. वस्तीला त्याचं केवढं कौतुक होतं.

"आनी गेल्या वर्षी?"

"डिझेल भराय गेलो तवर पोरांनी सजावट करून ठेवलीती. टाकीचं झाकण फुलांच्या खाली गेलतं. फुलं काढा म्हणलो आसतो तर का म्हणून इचारलं आसतं. वाटलं, एवढ्या डिझेलवर जाईल."

"म्हंजे फोटो ढकलत न्यावा लागला तो तुमच्या..." ती अडखळली.

"म्हण की. माझ्या तोऱ्यापायी." आबा म्हणाले. "त्यो गॅरेजवाला चारचौघांत म्हणलता, हेल्परचं काम न्हवं. एक खोट निघाली आसती तर त्याचंच खरं झालं आसतं."

संघप्रियाला बापाची कीव आली आणि संतापही आला. दोन्ही एकदमच आलं, पण बाहेर पडला तो संताप. "खोट निघाली तर निघाली. मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांत निघती. त्यांची माणसं गाड्या परत बोलावत्यात, उघडत्यात, दुरुस्त करत्यात. त्यांला कोण म्हणत न्हाय, तुमचं काम न्हवं. मग आपुनच का तोंड लपवायचं? माझ्या दुकानात रोज खोटाच येत्यात, आबा. खोटीला लाजलो आसतो तर दुकान बंद करावं लागलं आसतं."

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "टाकी उतरव," म्हणाले.

बापलेकीनं टाकी उतरवली. आबांनी छिन्नीनं वरच्या पत्र्याला गोल भोक पाडलं. बेत असा होता की टाकीच्या आत एक डबा टांगायचा, बुडापर्यंत. त्याला खाली बारीक भोकं पाडायची, म्हणजे डिझेल आत येईल पण चढावर झटक्यात निघून जाणार नाही. दोन्ही नळ्या त्या डब्यात खोल सोडायच्या. परतीचं डिझेल त्याच डब्यात पडत राहील, डबा सतत भरलेला राहील, मग बाकीची टाकी पाव असो की त्याहून कमी. प्रश्न डब्याचा होता. पत्र्याचा गंजला असता. संघप्रियाची आई बायडाबाई आतून आबांचा कारखान्याचा जेवणाचा डबा घेऊन आली आणि त्यातला खालचा स्टीलचा पुडा काढून पुढं केला.

"ह्यातनं जन्मभर त्यांनी भाकरी खाल्ली," ती म्हणाली. "आता गाडीला खाऊ दे."

डब्याला सळ्या जोडून तो जाड पत्र्याच्या झाकणाला टांगला, दुकानातून आणलेलं कॉर्कचं पॅकिंग घालून झाकण बोल्टांनी आवळलं आणि टाकी परत चढवली. पाव टाकीवर गाडी चढावर घातली. पारदर्शक नळीत एक बुडबुडा आला नाही. पण ती रिकामी गाडी होती. मिरवणुकीत तासन्‌तास मुंगीच्या पावलानं, भर उन्हात, एवढं ओझं घेऊन चढायचं होतं.

जयंतीच्या सकाळी आबा डिझेलचा कॅन घेऊन आले. संघप्रिया झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

"भरायची न्हाय," ती म्हणाली.

"आगं, उगं परीक्षा कशाला?"

"भरली तर परत लपिवल्यासारखं हुईल. पाव टाकीवरच जायचं."

आबांनी कॅन खाली ठेवला. मग वर्षभरात पहिल्यांदा ते जीपमध्ये चढले आणि तिच्या शेजारी बसले. मागं बाबासाहेबांचा फोटो, निळे झेंडे, फुलं. त्यामागं वस्ती. सगळ्यांत मागं ट्रॅक्टर, त्यावर प्रसेनजीत, मांडीवर दोराचं वेटोळं.

वेशीच्या वळणावर गाडी आली तेव्हा गॅलरी भरलेली होती. नाक वर, काटा पावाच्याही खाली. इंजिन एका सुरात धडधडत होतं. इथून नुसतं पुढं निघून गेलं तरी शब्द राहिला असता. पण संघप्रियाला तेवढं पुरेना. बरोबर गेल्या वर्षीच्या जागेवर तिनं हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद करायची मूठ बाहेर खेचली.

जीप गप्प झाली. लेझीम थांबलं. गॅलरीतून कुणीतरी हसलं. पोरांनी धावत येऊन गाडीला हात लावले. प्रसेनजीत दोर घेऊन ट्रॅक्टरवरून उतरला. आदर्शनं कपाळाला हात लावला.

"हात काढा," संघप्रिया म्हणाली.

"आक्का, मागं घसरंल..."

"गाडीवरचं हात काढा म्हणलं की."

पोरांनी एकेक करून हात काढले. तिनं मूठ आत ढकलली आणि स्टार्टर दाबला. पहिल्याच दणक्याला इंजिन पेटलं. डिझेलचा काळा धूर गॅलरीपर्यंत चढला आणि मागून अख्ख्या वस्तीनं एका आवाजात जय भीम केला.

तिनं गिअर टाकायला हात नेला तेव्हा आबांनी तो धरला. त्यांची मान वर होती. ते गॅलरीकडं बघत होते, एकेक तोंड नीट न्याहाळत, अजिबात घाई न करता.

"आनी एकदा बंद कर," ते म्हणाले.