पलीकडच्या काठावर

नवरा ललित वारल्यावर कामिनी धुळ्यातच देवपूरला भावाकडे आली आणि भिंतीकडे तोंड करून जी निजली, ती उठेचना. कॉलेजात संगणक शिकवणारी, चारचौघींत खळखळून हसणारी बाई. आता केस विंचरायचे म्हटले तरी तिच्या जिवावर यायचं. वहिनी ज्योत्स्ना ताट ठेवून जायची आणि तसंच उचलून न्यायची. शेवटी तिनेच कामिनीला रिक्षात घालून मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. बाईंनी विचारलं, "दिवसाकाठी एखादी गोष्ट करायची झाली, तर काय जमेल?"

कामिनी म्हणाली, "मोबाइलवर एक खेळ आहे. त्यात झाडांना पाणी घालता येईल."

बाई हसतील असं तिला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "घाला की. रोज घाला."

तो खेळ ललितनेच आणलेला. तो जळगावला नोकरीला, ही धुळ्यात. आठवडाभर भेट नसायची. म्हणून दोघांनी त्या खेळात एक गाव वसवलं होतं. मधून नदी, अलीकडे विहीर आणि शेत, पलीकडे चिंच. ललितचा माणूस पिवळ्या टोपीचा. हट्टाने तिच्या बाहुलीलाही त्याने तसलीच टोपी घातली होती.

दुपारी कामिनीने खेळ उघडला. इतक्या महिन्यांत रोपं करपून गेली असणार, हे तिला ठाऊक होतं. पण वाफे ओले होते. रोपं टवटवीत उभी होती. ती बघतच राहिली, तेवढ्यात पडद्यावर पाटी झळकली: 'ललित गावात आला.'

विहिरीपाशी पिवळ्या टोपीचा माणूस उभा होता. विहिरीच्या कठड्याला तोंड लावून तो जागच्या जागी पाय हलवत होता, आंधळ्यासारखा.

मोबाइल तिच्या हातून गादीवर पडला. ललितचा फोन तर नाशिकच्या दवाखान्याच्या धावपळीत हरवला होता. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कामिनीने कुणालाच काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भीत भीत तिने पुन्हा खेळ उघडला. तो आला. तिने लिहिलं, 'कोण आहे?' उत्तर नाही. तो अडखळत, झाडांना धडकत वाफ्यापर्यंत गेला आणि पाणी घालू लागला. थोड्या वेळाने तीही त्याच्या शेजारच्या वाफ्याला पाणी घालू लागली. खेळ बंद करवत नव्हता.

पुढे तिला दुपारची ओढच लागली. त्याच्यासमोर पारोशी कशी जाणार, म्हणून ती आंघोळ करू लागली. मग जेवूही लागली. ज्योत्स्नाला हायसं वाटलं. डॉक्टरीणबाईंना मात्र कामिनीने खरं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तो तुम्हाला बोलावतो का कुठे?"

"नाही. नुसता पाणी घालतो."

"बोलावलं तर आधी मला सांगायचं. आणि तो फोन कुणाच्या हातात आहे, त्याचा शोध घ्या."

कामिनीला शोध घ्यायचा नव्हता. शोध लागला की तो जाणार होता.

मग एका दुपारी कामिनीची बाहुली पलीकडे चिंचेखाली होती, आणि तो नदीकडे निघाला. काठावर थांबला नाही. त्या खेळात कुणी पाण्यात जाऊ शकत नाही. तरी तो पाण्याला छाती लावून ढकलत राहिला. कामिनीने लिहिलं, 'मागे फिर.' तो ढकलतच होता. पांझरा नदीच्या पुलावर उभं राहून तिच्याही मनात एकदा असंच काही आलं होतं. तिने समोरच्याचा आवाज ऐकवणारं बटण दाबलं.

आधी नुसती घरघर. मग कुणाचा तरी जड श्वास. मागे महामार्गावरच्या ट्रकांचे हॉर्न, आणि त्याहून जवळ पिठाच्या गिरणीची पुक्‌पुक्. ती पुक्‌पुक् कामिनीच्या ओळखीची होती. सोनगीरला सासरच्या घराला लागूनच गिरणी होती.

सासूशी, भागाबाईंशी, तिचं बोलणं दहाव्यालाच तुटलं होतं. "तूच उशीर कया दवाखानाले," असं म्हणून ललितला उशिरा दवाखान्यात नेल्याचा ठपका त्यांनी सगळ्यांदेखत तिच्यावर ठेवला होता. तरीही कामिनीने मोबाइल बंद करून पिशवीत टाकला आणि मिळेल ती बस धरली.

भागाबाई ओसरीवर बसल्या होत्या, वाळून काटकुळ्या झालेल्या. दवाखान्याच्या पिशवीतून आलेला ललितचा फोन त्यांच्या हातात होता. खेळात पाणी कसं घालायचं, ते त्यानेच दिवाळीत त्यांना शिकवलं होतं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "नदी पार करनी शे. पलीकडे मन्हा ललित उभा शे. रोज दुपारले येस, मन्हा संगे पानी टाकस."

कामिनी त्यांच्याजवळ टेकली. बाहुलीच्या डोक्यावरचं नाव भागाबाईंना वाचता येत नव्हतं; त्यांनी फक्त पिवळी टोपी ओळखली होती.

"आई, ती मी होते. आणि मी तुम्हाला ललित समजत होते."

भागाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पडद्यावर बोट ठेवून हळूच विचारलं, "तू आठे शे. मंग हाऊ कोन शे?"

चिंचेखाली पिवळ्या टोपीचं कुणीतरी उभं होतं. फोन बंद केला की कामिनीची बाहुली घरात जाऊन झोपत असे. आणि याच्या डोक्यावर नाव नव्हतं.

दोघी एकमेकींना चिकटून बसल्या. गिरणी थांबली होती. शेवटी कामिनीने फोन हातात घेतला. नदीच्या वरच्या अंगाला झाडीत ओलांडायला एक लाकडी साकव होता, तो भागाबाईंना कधी सापडलाच नव्हता. तिने माणसाला साकवावरून पलीकडे नेलं. चिंचेखाली कुणीच नव्हतं. बुंध्याभोवतीची माती तेवढी ओली होती.

"गया," भागाबाई म्हणाल्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. कामिनीने त्यांना रडू दिलं, तीही रडली. मग म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर धुळ्याला चला. माझ्या डॉक्टरीणबाईंना दाखवू."

"माले काय व्हयेल शे?"

"जे मला झालंय तेच."

भागाबाईंनी पदराने तोंड पुसलं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, चुलीकडे गेल्या आणि आतून म्हणाल्या, "मी वाईट बोलनू तुले, पोरी. कळण्यानी भाकर टाकस. खाशी ना?"

"खाईन," कामिनी म्हणाली, आणि ज्वारी-उडदाचं ते पीठ मळायला परात पुढे ओढली.